रिकाम्या पानाचे मोल

पूर्वी विंध्याच्या पायथ्याच्या एका नगरात अश्वकेतू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वाटाड्यांच्या कुळात जन्माला आला होता. त्या नगराच्या उत्तरेला दोन कोसांवर डोंगर होता आणि डोंगरात एकच खिंड होती. तिला केसखिंड म्हणत. डोंगराला वळसा घालून पलीकडच्या देशात जायचे तर वीस दिवस लागत. खिंडीतून गेले तर अर्धा दिवस. म्हणून लोक खिंडीतूनच जात, आणि जाताना थरथर कापत.

कारण खिंडीच्या कड्यावर यक्षीण राहते, असे सारे मानीत. तिचे काळे केस कड्यावरून खाली लोंबतात; ती रागावली की ते केस सुटतात, हवेत पसरतात, त्यातून तिच्या माश्या निघतात, आणि ज्याच्या अंगावर त्या बसतात तो सुजून, काळानिळा पडून मरतो. ही नुसती सांगोवांगी नव्हती. दोन-तीन वर्षांनी एकदा तरी अशी प्रेते खिंडीतून बाहेर येत, आणि आईला मुलाचा चेहरा ओळखू येत नसे. खिंडीत वर पाहायचे नाही, असा नियम होता. वर पाहिले की ती ओळख धरते आणि ओळख धरली की सोडत नाही. त्यामुळे शंभर वर्षे लोक त्या वाटेने मान खाली घालून गेले आणि कड्यावर नेमके काय आहे, हे कोणीच पाहिले नाही.

प्रवाशांना पार नेणे हे वाटाड्यांचे काम. ते भर दुपारी नेत, कारण पहाट आणि सांज ही यक्षिणीची वेळ समजली जाई. पुढे ढोल, मागे मशाली, दोन्ही अंगांना धुपाटणी, आणि प्रवाशांच्या गळ्यात फुलांच्या माळा. पावसाळ्यात तिचा उपद्रव नसे. तेव्हा ती माहेरी जाते असे म्हणत.

या कामाचे मोल फडक्याखाली ठरे. वाटाड्यांचा मुख्य खदिरक हा प्रवाशाचा हात फडक्याखाली घेई आणि बोटे दाबी. एक बोट म्हणजे दहा कार्षापण; पाचांपुढे पुन्हा पहिल्या बोटापासून. कोणाची चार बोटे, कोणाची सहा. शेजारच्याला कळत नसे आणि ज्याचा हात दाबला त्यालाही आपण कशाचे देतो आहोत ते कळत नसे. विचारायची सोय नव्हती. त्या खिंडीच्या तोंडाशी उभे राहून हिशेब मागायला जीभ उचलायची कोणाची? भीती विकणारा ती नेहमी एकगठ्ठा विकतो. सुटी करून देत नाही, कारण सुटी केली की तिच्यात निम्मी हवा निघते.

बोधिसत्त्व तरुण होता आणि तांड्यापुढे ढोल वाजवीत असे.

एका चैत्रात सोमिल नावाचा विणकर पलीकडच्या पेठेत वस्त्रे विकायला निघाला. त्याच्या बायकोचे नाव तुंगा. तिला तेव्हा सातवा महिना होता. खदिरकाने सोमिलाची पाच बोटे दाबली, आणि ते मोल पुरे करायला तुंगेने पायांतले वाळे काढून दिले. खिंडीच्या मध्यावर केस सुटले. बोधिसत्त्व ढोल टाकून पळाला, सगळेच पळाले. सोमिलाच्या पाठीवर वस्त्रांचे ओझे होते. ते सोडवेपर्यंत त्याला उशीर झाला.

प्रेत वस्तीवर आणले तेव्हा तुंगा रडली नाही. ती खदिरकासमोर जाऊन उभी राहिली.

"पन्नास कार्षापण घेतलेत. कशाकशाचे घेतलेत?"

"बाई, हे विचारायची ही वेळ नाही," खदिरक म्हणाला.

"मग कधीची वेळ? ढोलाचे किती? धुपाचे किती? माझा माणूस जिवंत परत आणायचे किती धरले होते? तेवढे तरी परत द्या. ते काम झालेले नाही."

तुंगेने भोवतालच्या एकेका वाटाड्याकडे पाहिले. तिची नजर बोधिसत्त्वावर आली आणि त्याच्या हातातल्या ढोलाच्या टिपऱ्यांवर थांबली. सात वर्षे तो ढोल बडवीत होता आणि तो कशासाठी, हे त्याने कधी विचारले नव्हते.

त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. शेवटी तो खदिरकाकडे गेला.

"काका, आपल्या मोलात काय काय असते?"

"खिंड पार करणे असते."

"ते खरे. पण सुटे करून सांगा. ढोल कशाला?"

"तिने भ्यावे म्हणून."

"आणि धूप?"

"तिने प्रसन्न व्हावे म्हणून."

"एकाच वेळी भ्यावे आणि प्रसन्नही व्हावे?"

खदिरकाच्या भुवया चढल्या. "पोरा, तुझ्या बापाने हेच केले, त्याच्या बापाने हेच केले."

"माळा कशाला?"

"माझा धाकटा भाऊ त्या खिंडीत गेला," खदिरक हळू आवाजात म्हणाला. "मी त्याला खांद्यावर आणला. हसू नकोस. माळा कशाला हे मला ठाऊक नाही. पण एक वस्तू कमी केली आणि माणूस मेला, तर ते पाप मी कुठे ठेवू? म्हणून मी दर वेळी एक वस्तू वाढवतो." मग तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, "आणि समज, तू सगळे सुटे करून मांडलेस. लोक म्हणतील, हे नको, ते नको. मग आपण खायचे काय?"

त्याच्या बोलण्यात लबाडी थोडी होती आणि भीती फार होती. त्या दोहोंची गाठ अशी पक्की बसली होती की त्याची त्यालाही सोडवता येत नव्हती.

मग बोधिसत्त्वाने ठरवले की, कड्यावर काय आहे ते आपण पाहायचे. खिंडीतून वर पाहायचे धाडस त्याला झाले नाही. तो डोंगर चढून समोरच्या माथ्यावर गेला आणि पालथा पडून, डोळे मिटूनच कडेपर्यंत सरपटला. डोळे उघडायला त्याला बराच वेळ लागला. समोरच्या कड्यावर खरोखरच केस होते. पुरुषभर लांब, काळे, तकतकीत. आणि तो पाहत असताना त्या केसांतून वरपासून खालपर्यंत एक शिरशिरी गेली, जणू कोणी मान हलवली.

"तुझी सावली पडते आहे त्यांच्यावर. मागे सरक, लेका."

मागे एक रानातली म्हातारी उभी होती. तिच्या खांद्यावर वेलींचा दोर होता आणि कमरेला दुधी भोपळ्याचे तुंबे.

"आजी, ती यक्षीण..."

"कुठली यक्षीण? आग्या मोहोळे आहेत ती. एकोणीस पोळी आहेत यंदा. माश्या एकावर एक बसतात, म्हणून तुला केस दिसतात. तुम्हा गाववाल्यांना वर बघायला काय होते?"

"मग त्या माणसे का मारतात?"

म्हातारीने त्याला न्याहाळले. "तू त्या ढोलवाल्यांतला ना? मला वाटायचे, तुम्ही मुद्दाम करता. ऐन उन्हात माश्या तापलेल्या, खाली ढोल, वर धूर, आणि माणसांच्या गळ्यात फुले. आम्ही आपसांत म्हणायचो, या लोकांची मरायची रीत मोठी थाटाची आहे."

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात त्या खाली सपाटीला उतरतात. कडा मोकळा असतो. तेव्हा तुम्ही कितीही बडवा."

बोधिसत्त्वाने आपले दोन्ही हात पुढे धरून पाहिले. सोमिलाला यक्षिणीने मारले नव्हते. तो ढोल या हातांत होता.

म्हातारीने त्याला तिच्या लोकांची रीत सांगितली. सूर्य कड्यावर यायच्या आधी, गारठ्यात, जायचे. विस्तव नको, वास नको, बोलणे नको. अंगावर कांबळे. एखादी अंगावर बसली तर झटकायची नाही. डंख झाला तरी ओरडायचे नाही. दुसऱ्याच पहाटे बोधिसत्त्व एकटा खिंडीतून गेला. जाताना त्याच्या छातीतलाच ढोल इतका वाजत होता की तेवढ्यानेही केस सुटतील असे त्याला वाटले. पण काही झाले नाही. त्याने ही वाट अकरा वेळा केली. नवव्या वेळी त्याला दोन डंख झाले. तेही त्याने लक्षात ठेवले, कारण ते लपवले असते तर पुढचे सगळे खोटे झाले असते.

हे त्याने खदिरकाला सांगितले. खदिरकाने विश्वास ठेवला नाही. ठेवला असता तर त्याला आपल्या भावाचे प्रेत नव्याने आठवावे लागले असते. तो एवढेच म्हणाला, "तू मोल उघडे करणार असलास तर कर. पण तुझ्या हाताखाली एक जरी माणूस गेले, तर वस्तीचा नियम तुला ठाऊक आहे."

नियम असा होता की रीत मोडणाऱ्याकडून माणूस दगावले तर त्याला भर दुपारी खिंडीच्या मध्यावर बांधायचे आणि लांबून ढोल वाजवायचे.

बोधिसत्त्वाने खिंडीच्या तोंडाशी, वाटेच्या कडेला, पळसाची पाने मांडली आणि प्रत्येकावर एक वस्तू ठेवली. पहिल्या पानावर काठी: वाटाड्याची मेहनत, दोन कार्षापण. दुसऱ्यावर कांबळ्याची दशी: दर माणशी एका कांबळ्याचे भाडे, अर्धा कार्षापण. तिसऱ्यावर चिंधी: बैलांच्या घंटा काढून खुरे बांधणे, अर्धा. चौथ्यावर चिखलाचे मडके: डंखावर लेप द्यायला, अर्धा; मडके उघडावे लागले नाही तर तो परत. पाचवे पान रिकामे होते. वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या कडेवर एक खडा होता.

लोक येत, पाने पाहत, आणि पाचव्या पानाशी थबकत.

"हे काय?"

"यक्षीण," बोधिसत्त्व सांगे. "तिचे काही घेत नाही. ती मला दिसली नाही."

लोक घाबरून मागे सरत. भरलेल्या पानांना कोणी भ्याले नाही. रिकाम्या पानाला भ्याले. "स्वस्त वाटाड्या म्हणजे स्वस्त मरण," असे म्हणत ते खदिरकाच्या फडक्याखाली हात घालीत आणि पन्नास देऊन निर्धास्त होत. इतकी वर्षे ज्याने भीतीचे मोल दिले, त्याला ती फुकट आहे म्हटल्यावर कसे सोसावे? बोधिसत्त्व पुढचा चैत्र येईपर्यंत तिथे बसला. या काळात त्याच्याकडे एकही माणूस आले नाही.

चैत्राच्या पहिल्या आठवड्यात तुंगा आली. तिच्या पाठीला झोळी होती आणि झोळीत नऊ महिन्यांची मुलगी. मुलगी इतकी हलकी झाली होती की झोळी रिकामीच वाटे. तापात तुंगेचे दूध आटले होते. शेळीचे दूध मुलीच्या पोटात ठरत नव्हते. खिंडीपलीकडे तुंगेची बहीण नुकती बाळंत झाली होती. तिच्या अंगावर मुलगी जगली असती. वळशाची वाट वीस दिवसांची. वैद्याने मुलीकडे पाहून सांगितले होते की हिच्याजवळ पाच दिवस आहेत.

तुंगेने बोधिसत्त्वाला ओळखले. "ढोल कुठे गेला?"

"त्याचे पान मांडलेले नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याने ते बोलून टाकले. "बाई, ढोलाने तुझा माणूस गेला. तो मी वाजवत होतो. मला तेव्हा माहीत नव्हते. पण वाजवत मी होतो."

तुंगा खाली बसली. मग तिने एकेक वस्तू उचलून विचारायला सुरुवात केली. काठीचे दोन का, एक का नाही? कांबळे कोणाचे? चिखल तर फुकटचा, मग अर्धा कशाचा? बोधिसत्त्वाने सांगितले की तो चिखल दोन कोसांवरच्या तळ्यातला आहे, आणि आणायला अर्धा दिवस जातो. तुंगेने मान हलवली. मग तिने झोळीकडे हात केला.

"हिचे पान कुठे आहे?"

बोधिसत्त्वाने आणखी एक पान घेतले, ते पाचव्याच्या शेजारी ठेवले आणि त्यावर काही ठेवले नाही.

"आजारी मूल रडते. खिंडीत ती रडली, तर माझ्याजवळ उपाय नाही. ज्याला उपाय नाही त्याचे मी घेऊ शकत नाही. ही दोन पाने सारखी दिसतात, पण सारखी नाहीत. त्या पानावर भीती आहे आणि धोका नाही. या पानावर धोका आहे आणि माझ्याजवळ काही नाही. तू हे पाहून ठरव."

तुंगा म्हणाली, "माझ्या माणसाला कोणी हे पान दाखवले असते, तर तो आज असता." तिने कनवटीची नाणी काढली. "उद्या पहाटे."

सागरदत्त नावाचा एक व्यापारी हे ऐकत उभा होता. तो चंदन आणि अत्तरे विकून दोन मोकळे बैल घेऊन परत निघाला होता. खदिरकाने त्याची सात बोटे दाबली होती आणि ती त्याला दुखत होती. तो पुढे झाला. "मलाही घे. सत्तर कुठे आणि साडेतीन कुठे."

"अंगावर सुगंधी काही नको. धूप नको. विस्तव नको."

"काही नाही," सागरदत्त म्हणाला. आणि रात्री त्याने मनात विचार केला की, हा पोरगा खरा असेल तर ठीक; पण यक्षीण खरी असली तर? म्हणून त्याने धुपाचा खडा कमरेला लावला आणि झाकणाच्या मडकीत सुंभाची धुमसती वात घालून ती उपरण्याखाली धरली. काही माणसे अशी असतात. उघड्या मोलाने सौदा करतात, आणि आपली बाजू मात्र फडक्याखाली ठेवतात.

पहाटे तिघे निघाले. पुढे बोधिसत्त्व, मागे तुंगा, शेवटी बैलांसह सागरदत्त. बैलांच्या खुरांना चिंध्या होत्या. खिंडीत शिरताच उजेड कमी झाला आणि गारठा वाढला. वाटेवरच्या दगडांवर पिवळे ठिपके होते, जागोजागी मेलेल्या माश्या पडल्या होत्या, आणि हवेत मेणाचा जड वास होता. पायाखाली एखादा खडा सरकला की तिघांचेही श्वास थांबत.

मध्यावर बोधिसत्त्वाने हात वर केला. इथून ऐंशी पावले सर्वांत अरुंद होती, आणि कडा डोक्यावर झुकलेला होता. तुंगेला तो दगड ओळखू आला ज्याच्यापाशी सोमिल पडला होता. कोणी तिला दाखवला नव्हता. त्याच्या फटीत निळ्या सुताचा एक धागा अडकलेला होता. तिने तो पाहिला आणि ती चालत राहिली.

सागरदत्ताने वर पाहिले.

बोधिसत्त्वाने नको म्हटलेले नव्हते, म्हणून पाहिले. आणि शंभर वर्षांची भीती त्याच्या मानेवर बसली. डोक्यावर वीस हातांवर काळे केस लोंबत होते, आणि त्यांतून वरपासून खालपर्यंत शिरशिरी गेली. पाने, नाणी, बोधिसत्त्वाचे शब्द, सगळे त्याच्या मनातून पुसले गेले. त्याने उपरण्याखालून मडकी काढली, झाकण उघडले आणि धुपाचा खडा काढायला हात कमरेला नेला. धुराची एक बारीक रेघ सरळ वर चढू लागली.

वास आधी तुंगेला आला. ती वळली. ओरडता येत नव्हते. मडकी हिसकावली तर खडखडाट झाला असता. तिने आपला उजवा तळवा मडकीच्या तोंडात घातला आणि वातीवर दाबून धरला.

धूर थांबला. तुंगेचे ओठ आत ओढले गेले, डोळ्यांतून पाणी वाहू लागले, पण तिने तळवा उचलला नाही. वर केसांची शिरशिरी आता थांबत नव्हती. एकीमागून एक लाट जात होती, आणि समुद्र लांबून ऐकू यावा तसा एक आवाज सुरू झाला होता. काही माश्या सुटून खाली आल्या.

तिच्या वळण्याच्या हिसक्याने झोळीतली मुलगी जागी झाली. तिने तोंड उघडले.

हेच ते पान होते. बोधिसत्त्व दहा पावलांवर होता आणि त्याच्याजवळ खरोखरच काही नव्हते. तुंगेने डावा हात मागे नेला, झोळीत घातला आणि आपले बोट मुलीच्या तोंडात दिले. दूध नव्हते. बोट होते. मुलगी क्षणभर थांबली. रडावे की चोखावे, हे ती ठरवीत होती, आणि त्या एका क्षणावर चौघांचे प्राण टांगलेले होते. मग तिने ओठ मिटले आणि ती चोखू लागली.

बोधिसत्त्व पावले न वाजवता मागे आला. त्याने आपल्या अंगावरचे कांबळे काढले, तुंगेवर आणि झोळीवर पसरले, आणि सागरदत्ताला खांद्याशी धरून खाली बसवले. तो स्वतः उघडा उभा राहिला. माश्या त्याच्या कपाळावर, मानेवर, पापणीवर बसल्या. त्याने झटकल्या नाहीत. पाच डंख झाले. त्याचा एक डोळा मिटत गेला. तो दगडासारखा उभा राहिला, आणि माश्यांनीही त्याला दगड समजून सोडले.

आवाज हळूहळू ओसरला. केस स्थिर झाले. उरलेली पावले तिघे चालले, आणि सूर्य कड्यावर येण्याआधी बाहेर पडले.

बाहेर पडल्यावर सागरदत्त जमिनीवर बसून रडू लागला. "मी धूप..."

"रडायचे तर पलीकडे जाऊन रड," तुंगा म्हणाली. "आत्ताच मुलगी झोपली आहे."

बोधिसत्त्वाने चिखलाचे मडके उघडले. आधी तुंगेच्या तळव्यावर लेप दिला, मग आपल्या डोळ्यावर. मग त्याने झाडाची पाने तोडून वाटेच्या कडेला पुन्हा मांडली, जशी पलीकडे मांडली होती तशीच.

"मडके उघडले, पण डंख मला झाले. म्हणून मडक्याचा अर्धा तुम्हा दोघांना परत. काठीचे दोन माझे होते. पण या वाटेत एक काम असे निघाले, ज्याचे पान मी मांडलेच नव्हते. बरोबरच्याची भीती. ते मला आधी कळायला हवे होते. ते काम मी केले नाही, या बाईने केले." त्याने दोघांकडून घेतलेले मेहनतीचे चारही कार्षापण तुंगेपुढे ठेवले.

तुंगेने त्यांतले दोन उचलले आणि दोन मागे सारले. "माझे मला दिलेस ते घेते. ही लाज नाही, हा हिशेब आहे. त्याचे मात्र तुझ्याकडे राहू देत. त्याने उद्यापासून सगळ्यांना सांगायचे, की आपण काय लपवले होते आणि काय झाले."

सागरदत्ताने ते सांगितले. पेठेत, धर्मशाळेत, पाणवठ्यावर सांगितले. स्वतःची फजिती सांगणाऱ्यावर लोकांचा लवकर विश्वास बसतो. तुंगेची मुलगी मावशीच्या दुधावर धरली. आणि बोधिसत्त्वाच्या पानांपुढे माणसे बसू लागली. ती आता रिकाम्या पानाला भीत नव्हती. बाकीच्या पानांवर विश्वास त्या पानामुळेच बसतो, असे ती म्हणत. जे घेत नाही तेही जो दाखवतो, तो जे घेतो ते खरेच असणार. बोधिसत्त्वाने आता बरोबरच्याच्या भीतीचेही पान मांडायला सुरुवात केली होती. त्यावर काही घेत नसे. निघण्याआधी सगळ्यांनी आपापली गाठोडी एकमेकांसमोर सोडून दाखवायची, एवढेच.

एक दिवस खदिरक आला. बरोबर त्याची नवरी मुलगी होती. तिला पलीकडे सासरी पोहोचवायचे होते, आणि चैत्र चालू होता. त्याच्या माणसांनी ढोल आणलेला नव्हता. तो बोधिसत्त्वापुढे बसला. सवयीने त्याने खांद्यावरचे फडके काढले, मांडीवर पसरले आणि त्याखाली हात घातला.

बोधिसत्त्वाने फडके उचलले, त्याची घडी केली आणि त्याच्या खांद्यावर परत ठेवली. मग त्याने पहिले पान मांडले आणि त्यावर काठी ठेवली.

"काका," तो म्हणाला, "एकेक विचारा. घाई नाही."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, सांगितली ती एका सुताराच्या निमित्ताने. त्याने विहाराचे छप्पर दुरुस्त केले होते. दाते कुजबुजत होते की लाकूड किती, मजुरी किती, काही कळत नाही. आणि सुतार मनात भीत होता की, सुटे करून सांगितले तर उद्या हे लोक खिळ्यालाही घासाघीस करतील. तो सभेच्या मागच्या रांगेत बसून ऐकत होता.

शास्ते त्याच्याकडे पाहून म्हणाले, "त्या वेळचा खदिरक तो तू. म्हणून तुझा हात अजून झाकलेला आहे. सागरदत्त म्हणजे छपरासाठी दान देताना अर्धे मागे ठेवणारा हा पुढे बसलेला गृहस्थ. त्याने मान खाली घालायचे कारण नाही, तेव्हाही त्याने खरे सांगितले होते. रानातली म्हातारी म्हणजे आपल्या संघातली ती वृद्ध भिक्षुणी, जी विचारल्यावाचून बोलत नाही आणि विचारले तर सोडत नाही. तुंगा म्हणजे या दारातली ती उपासिका, जिच्या उजव्या तळव्यावर जन्मापासून भाजल्यासारखा डाग आहे. आणि तो ढोल वाजवणारा वाटाड्या, ज्याने ढोल खाली ठेवला, तो मीच होतो."

दारात बसलेल्या स्त्रीने आपला तळवा उलटून पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहाराच्या अंगणात सुताराने पाने मांडली होती. एकावर वासा, एकावर खिळे, एकावर त्याचा रंधा. शेवटचे पान रिकामे होते. "हे काय?" म्हणून एका दात्याने विचारले. "मागच्या वेळी उगाच घेतले होते, ते," सुतार म्हणाला.

ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता. देणाऱ्याचे भय कमी होते आणि घेणाऱ्याचा हात उघडा राहतो, तिथे ती असते.